ग्रासली आजोबांचं मत नक्की कुणाला? (आयोवा, पवनचक्क्या आणि ८,९२७ हजेऱ्या)

मक्याचा_शेजारी

गेल्या शनिवारी २०२५ च्या दिवाळीच्या फराळाचं वाटप ठरवायला (म्हणजे चकलीचा चांगला सोऱ्या कुणाकडे आहे ते शोधायला) आम्ही सात-आठ घरं जमलो होतो. सोऱ्या राहिला बाजूला आणि भांडण पेटलं आमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या, सिनेटरवरून. एक जण म्हणाला, "तुमच्या ग्रासलीने यंदा पवनऊर्जेचा गळा घोटला." दुसरा म्हणाला, "अरे, तोच तर अमेरिकेतल्या पवनऊर्जेचा बाप!" आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावर झोपलेलं पोर उठलं.

घरी आल्यावर झोप येईना. इथे सिनेटमधलं प्रत्येक नोंदवलेलं मत नावानिशी जालावर मिळतं, म्हटलं स्वतःच बघू. दोन रात्री गेल्या, त्यातून हा धागा.

आधी माणूस. चक ग्रासली, रिपब्लिकन, जन्म १९३३ चा. स्वतः शेतकरी. १९७५ पासून हाऊसमध्ये (अमेरिकी संसदेचं खालचं सभागृह), १९८१ पासून सिनेटमध्ये (वरचं). दरवर्षी आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्यांत (जिल्ह्यांत) जाऊन लोकांना भेटतो. आणि हजेरी? जुलै १९९३ मध्ये आयोवात महापूर आला तेव्हा तो मतदान सोडून इकडे आला होता. त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडने त्याला घरी बसवेपर्यंत एकही मत चुकवलं नाही. २७ वर्षं, सलग ८,९२७ मतं. आमच्या शाळेत पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळवणारा एक मुलगा होता, तो कांजिण्या अंगावर घेऊन वर्गात बसायचा. तसलाच प्रकार.

म्हणजे मतांची नोंद तपासायला याहून चांगला गडी मिळणार नाही. "गैरहजर" ही पळवाटच नाही.

आता वाऱ्याचं बघू. १९९२ च्या एनर्जी पॉलिसी ॲक्टमध्ये पवनचक्कीच्या विजेवर करसवलत आली, प्रॉडक्शन टॅक्स क्रेडिट. पवनचक्की उभारली म्हणून काही नाही. वीज तयार करून विकली तर दर युनिटला दीड सेंट कर माफ, पहिली दहा वर्षं. महागाईप्रमाणे वाढत वाढत हा आकडा अलीकडे ३ सेंटांच्या आसपास गेला. ही तरतूद आणली ग्रासलीने, "बाप" म्हणतात ते त्यामुळे. आज आयोवाची निम्म्याहून जास्त, ६० टक्क्यांच्या आसपास, वीज वाऱ्याची आहे. आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून रात्री लाल दिवे एकाच वेळी लुकलुकताना दिसतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "हे काय, शेतात विमानतळ आहे का?"

इथवर बाप जिंकला. पण पुढची पानं उलटल्यावर माझं डोकं फिरलं.

१ जानेवारी २०१३, पहाटे दोनच्या सुमाराला सिनेटमध्ये मतदान. 'फिस्कल क्लिफ' (करवाढ आणि खर्चकपात एकदम लागू व्हायचं संकट) म्हणून जो गोंधळ गाजला होता, त्यावरचा तोडगा. मुख्य विषय आयकराचे दर. पण त्याच विधेयकाच्या पोटात पवनऊर्जेच्या करसवलतीला एका वर्षाची मुदतवाढ होती; सवलत आदल्या रात्रीच संपली होती. विधेयक ८९ विरुद्ध ८ असं मंजूर झालं. त्या आठांत आयोवाचे दोन्ही सिनेटर! रिपब्लिकन ग्रासली आणि डेमोक्रॅट टॉम हार्किन. कारणं वेगवेगळी होती, पण वारा हे कुणाचंच कारण नव्हतं. तरी नोंद बोलते ती एवढंच: पवनऊर्जेची सवलत वाचवणाऱ्या विधेयकाला पवनऊर्जेच्या बापाने "नाही" म्हटलं.

ऑगस्ट २०२२, इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट. स्वच्छ ऊर्जेला अमेरिकेने दिलेला सगळ्यात मोठा पैसा. ५० विरुद्ध ५०, तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने मंजूर. ग्रासली: नाही.

१ जुलै २०२५, ट्रम्प यांचं मोठं 'ब्यूटिफुल' विधेयक. त्याच सवलती मुदतीआधी गुंडाळणारं. पुन्हा ५०-५०, या वेळी उपाध्यक्ष व्हान्स यांचं निर्णायक मत. ग्रासली: हो.

आणि हाच माणूस २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याबद्दल म्हणाला होता की पवनऊर्जेची सवलत काढायची असेल तर माझ्या मुडद्यावरून जावं लागेल. २०१९ मध्ये ट्रम्प म्हणाले पवनचक्कीच्या आवाजाने कॅन्सर होतो, तेव्हा यानेच त्या बोलण्याला सरळ "मूर्खपणा" म्हटलं.

तर मंडळी, या माणसाच्या वहीत काय लिहायचं?

---

टवाळ_कार्टं

मुडदा अजून चालता-फिरता आहे आणि विधेयक पास झालं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या शब्द मोडलाच.

---

झुळूक

यात कोडं कसलं आहे? ढोंग आहे, सरळ. गणित बघा ना. १ जुलैला रिपब्लिकनांपैकी कॉलिन्स, टिलिस आणि पॉल या तिघांनी विरोध केला, म्हणून ५०-५० झालं. ग्रासलीने नुसतं "नाही" म्हटलं असतं तर ४९-५१, विधेयक तिथेच आडवं. एका माणसाच्या हातात होतं. १९९२ साली पाळण्यात घातलेलं बाळ वाचवायची संधी त्या दिवशी चालून आली होती आणि यांनी पक्षाकडे बघितलं.

टिलिस बघा. विरोध केला, त्याच सुमाराला जाहीर केलं की पुन्हा निवडणूक लढवणार नाही. किंमत मोजली. ग्रासलीचं वय तेव्हा ९१. त्यांना कसली भीती होती?

---

मक्याचा_शेजारी

झुळूक, हे गणित मीही मांडलं होतं आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण दोन गोष्टी राहिल्या.

मतदानाच्या आधीच्या मसुद्यात पवन आणि सौर प्रकल्पांवर चक्क एक नवा कर घातला होता, आणि सवलत हवी तर प्रकल्प २०२७ अखेर वीज देऊ लागला पाहिजे अशी अट. ग्रासली, आयोवाच्याच जोनी अर्न्स्ट आणि अलास्काच्या मर्कौस्की यांनी दुरुस्ती लावून धरली. शेवटच्या मसुद्यात तो नवा कर उडाला, आणि कायदा झाल्यापासून १२ महिन्यांत ज्यांचं बांधकाम सुरू होईल त्यांना २०२७ च्या अटीतून सूट मिळाली. कायदा ४ जुलैला झाला, म्हणजे ४ जुलै २०२६ पर्यंत.

पुढे ट्रम्प यांनी अर्थखात्याला सांगितलं की "बांधकाम सुरू" या शब्दांचा अर्थ कडक करा. त्यावर ग्रासलीने ऑगस्टच्या सुरुवातीला अर्थखात्यातल्या तीन नेमणुका अडवून धरल्या: नियम काँग्रेसच्या हेतूला धरून होत नाहीत तोवर सोडणार नाही म्हणून. स्वतःच्याच पक्षाच्या सरकारच्या!

यातलं काहीही "हो/नाही"च्या रकान्यात दिसत नाही. माझा मुद्दा तेवढाच.

---

झुळूक

घर पाडायला मत द्यायचं आणि मग खिडकीची चौकट वाचवली म्हणून पाठ थोपटून घ्यायची. बरं.

---

लेखापाल

मी कर क्षेत्रातला (पुणे, पण गिऱ्हाईकं तिकडची). झुळूक यांचा राग समजतो, पण त्या 'चौकटी'ची किंमत कळायला हवी.

पवन प्रकल्पाचं गणित वाऱ्याइतकंच करावर उभं असतं. वॉरन बफे यांच्या कंपनीची आयोवात प्रचंड पवनक्षेत्रं आहेत, आणि ते स्वतः २०१४ मध्ये भागधारकांना म्हणाले की करसवलत मिळते हे एवढंच पवनक्षेत्रं बांधण्याचं कारण, एरवी त्यात अर्थ नाही. पवनऊर्जेचे विरोधक हे वाक्य अजून मिरवतात.

ही सवलत कायमची कधीच नव्हती. दर एक-दोन वर्षांनी संपायची, मग धावपळ करून वाढवायची. जून १९९९ अखेर संपली, २००१ अखेर संपली, २००३ अखेर संपली. प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी नवी उभारणी कोसळली. सगळ्यात मोठा खड्डा २०१३ चा: २०१२ मध्ये मुदत संपायच्या भीतीने १३,००० मेगावॉटच्या वर पाती फिरू लागली, आणि पुढच्या वर्षी जेमतेम १,१०० मेगावॉट.

आता गंमत ऐका. धागालेखकाने ज्या २०१३ च्या विधेयकाचा उल्लेख केला, त्यात मुदतवाढीपेक्षा एक शब्दबदल जास्त महत्त्वाचा होता. तोपर्यंत अट होती की मुदतीच्या आत पवनचक्की चालू व्हायला हवी. त्या विधेयकाने केलं: मुदतीच्या आत बांधकाम सुरू व्हायला हवं. बँकेकडून कर्ज काढणाऱ्याला या दोन वाक्यांतला फरक म्हणजे रात्रीची झोप. चालू करायचं तर ग्रिडची जोडणी, क्रेन, हवामान सगळं तुमच्या बाजूने हवं. बांधकाम सुरू करायला पाया खणला तरी भागतं.

म्हणजे २०२५ मध्ये ग्रासली ज्या शब्दांसाठी भांडले, ते ज्या विधेयकातून आले त्याला त्यांनी २०१३ मध्ये नाही म्हटलं होतं.

---

मक्याचा_शेजारी

लेखापाल, दंडवत! हे मला दिसलंच नव्हतं. म्हणजे माझी वही आणखी खराब झाली.

---

वनकुसवडेकर

वर 'दर वर्षी संपणारी सवलत' वाचून आमचं पठार आठवलं.

पाटण तालुक्यातलं वनकुसवडे. आमच्या लहानपणी तिकडे गवत, धुकं आणि गुरं. नव्वदीच्या शेवटाला एकदम ट्रेलर यायला लागले. घाटातल्या वळणावर एक पातं अडकलं की अर्धा दिवस एसटी बंद, आणि आम्ही पोरं पात्यावर हात फिरवून बघायचो. लांबून लोखंडी वाटायचं, हाताला होडीसारखं लागायचं. नंतर कळलं की फायबर.

कुणी उभारल्या तर सिमेंटवाले, कापडवाले, एखादा नट. वाऱ्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पहिल्याच वर्षी यंत्राची जवळजवळ सगळी किंमत घसारा (यंत्राची झीज) म्हणून दाखवून कर वाचवता यायचा. माझे मामा तिथे रखवालदार होते, ते म्हणायचे, "मालक एकदाच आला, फोटो काढून गेला. ३१ मार्चच्या आत फिरली पाहिजे एवढंच विचारायचा." त्यानंतर फिरते की नाही हे विचारणारं कुणी नाही. एक पवनचक्की दोन पावसाळे नुसती उभी होती, तिच्या दारात शेळ्या बसायच्या.

म्हणून मला तिकडची पद्धत शहाणपणाची वाटते. वीज विकलीस तर पैसे, नाहीतर बस.

---

लेखापाल

@वनकुसवडेकर, मामांचं वाक्य करकायद्याच्या पुस्तकात छापलं पाहिजे. आपल्याकडेही तो झटका बसलाच होता. एप्रिल २०१२ पासून वेगवान घसारा काढून घेतला, आणि देशातली नवी पवनक्षमता वर्षाला सुमारे ३,२०० मेगावॉटवरून सुमारे १,७०० वर आली. जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात घसारा परत दिला. त्याच दोन-तीन वर्षांत अमेरिकेतही तसंच झालं, हा निव्वळ योगायोग.

---

गोदाकाठ

धागा छान चाललाय म्हणून जरा मीठ टाकतो.

तुम्ही २०१३ च्या पहाटे कोण काय म्हणालं ते शोधून काढलंत. आता मला सांगा, माझ्या नाशिकच्या खासदाराने ऊर्जाबचतीवर काय मत दिलं?

तारखा बघा. इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट सिनेटमध्ये मंजूर झाला ७ ऑगस्ट २०२२ ला. दुसऱ्याच दिवशी, ८ ऑगस्टला, आपल्या लोकसभेत ऊर्जा संवर्धन (सुधारणा) विधेयक मंजूर झालं. २००१ च्या मूळ कायद्यातली ही मोठी दुरुस्ती: कार्बनच्या प्रमाणपत्रांचा बाजार, कारखान्यांना ठरावीक वाटा अजीवाश्म इंधनाचा घेण्याची सक्ती, मोठ्या इमारतींना ऊर्जेची संहिता. डिसेंबरमध्ये राज्यसभा. किती विरुद्ध किती? माहीत करून घ्यायची सोयच नाही, कारण आवाजी मतदान. "अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावे... हो पक्षाचे बहुमत आहे." झालं. नाव नाही, आकडा नाही.

आणि समजा नावं असती तरी काय? १९८५ पासून घटनेचं दहावं परिशिष्ट (पक्षांतरबंदी) आहे. पक्षादेश मोडला तर खासदारकी जाते. ग्रासली पक्षाच्या विरुद्ध जाऊ शकत होता आणि गेला नाही, म्हणून तुम्ही भांडताय. आमच्याकडे तो प्रश्नच पडत नाही.

पैशाचं तर विचारूच नका. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला, स्वच्छ ऊर्जा निधीसाठी. तो १००, २००, मग २०१६ मध्ये ४०० झाला. २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर राज्यांच्या भरपाईच्या खात्यात गेला. स्वच्छ ऊर्जेचा पैसा दुसरीकडे वळवायच्या बाजूने माझ्या खासदाराने मत दिलं का? कुणाला विचारू?

---

शून्य_प्रहर

गोदाकाठ, तळमळ पटली, पण एक दुरुस्ती. "सोयच नाही" हे खरं नाही. आवाजी मतदानाच्या निकालाला सभागृहातल्या एकानेही आव्हान दिलं तर मतविभागणी मागता येते. मग बटण दाबून मत पडतं आणि नोंद राहते. घटनादुरुस्तीला तर विशेष बहुमत लागतं म्हणून ती होतेच. म्हणजे सोय आहे, सदस्य मागत नाहीत. विरोधकांनाही बरेचदा आपल्या बाकांवर किती जण हजर आहेत ते उघड व्हायला नको असतं!

बाकी अर्थसंकल्पाबद्दल: २०१८ मध्ये लोकसभेत वित्त विधेयक आणि सगळ्या खात्यांच्या मागण्या गोंधळात, चर्चेविना, गिलोटिन लावून (सगळं एकदम मताला टाकून) मंजूर झाल्या होत्या. अपारंपरिक ऊर्जेच्या मागणीवर तेव्हा कुणी एक वाक्यही बोललं नाही.

---

गोदाकाठ

दुरुस्ती मान्य. "मागत नाहीत" हे "सोय नाही"पेक्षा वाईट आहे.

---

बेळगावी_कुंदा

अवांतर: आपले बेळगावचे श्री ठाणेदार आहेत ना हाऊसमध्ये, मिशिगनचे? त्यांची मतं काय सांगतात?

---

मक्याचा_शेजारी

बेळगावचं नाव निघालं की कुंदा येणारच! ठाणेदार जानेवारी २०२३ ला आले, म्हणजे २०२२ च्या मोठ्या कायद्याच्या वेळी नव्हते. मार्च २०२३ मध्ये रिपब्लिकनांचं तेल-वायूला मोकळं रान देणारं विधेयक आलं, २२५ विरुद्ध २०४. चार डेमोक्रॅट फुटले, त्यात हे नव्हते. २०२५ च्या मोठ्या विधेयकाला सगळ्याच डेमोक्रॅटांनी विरोध केला, तसा यांनीही. नोंद स्वच्छ आहे आणि त्यातून पक्ष सोडून काहीही कळत नाही. डेट्रॉईटमधून निवडून आलेला कुणीही डेमोक्रॅट हेच करता.

---

उंटावरून_शेळ्या

हजेरीचा मुद्दा निघाला म्हणून एक जुनी गोष्ट. मी तेव्हा ॲरिझोनात शिकत होतो.

डिसेंबर २००७. सिनेटसमोर ऊर्जा विधेयक. त्यात तेल कंपन्यांच्या करसवलती कापून तो पैसा वारा-सूर्याकडे वळवायचा भाग होता. चर्चा संपवून मतदानाला यायचं तर ६० मतं लागतात. पडली ५९. विरोधात ४०. बेरीज करा: ९९. शंभरावा कोण? ॲरिझोनाचे जॉन मॅकेन, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात. आणि ५९ च्या बाहेर राहिलेली एकमेव डेमोक्रॅट लुइझियानाची मेरी लँड्रू, कारण तिच्याकडे तेल. तो भाग काढून टाकला आणि उरलेलं विधेयक ८६ विरुद्ध ८ ने आरामात पास.

आमच्या विद्यापीठात सौरऊर्जेवर काम करणारी मुलं आठवडाभर त्या एका खुर्चीवर चिडून होती. वाळवंटातला सिनेटर, वर्षाचे तीनशे दिवस ऊन, आणि सौरऊर्जेच्या मताला खुर्ची रिकामी. (आला असता तर "हो" म्हणाला असता याची खात्री कुणालाच नव्हती, ते सोडा.)

पण पुढचं ऐका. ती सवलत शेवटी कुठे आली? ऑक्टोबर २००८ मध्ये, बँका वाचवायच्या ७०० अब्ज डॉलरच्या विधेयकात! सौरला थेट आठ वर्षं, वाऱ्याला एक वर्ष. त्याच विधेयकात लहान मुलांच्या लाकडी बाणांवरचा करही माफ झाला होता, विनोद नाही. आणि त्या रात्री मॅकेन हजर होते, "हो" म्हणाले. ओबामाही. मग मॅकेन सौरऊर्जेचे समर्थक झाले का? ते बँका वाचवायला आले होते.

---

मक्याचा_शेजारी

शेळ्याबुवा, हे तर माझ्या मनातलं. मी यादीच केली आहे. २००८ ची वाढ बँकांच्या विधेयकात, २०१३ ची आयकराच्या, २०१५ ची खर्चाच्या महाविधेयकात, तीही कच्च्या तेलाच्या निर्यातीवरची चाळीस वर्षांची बंदी उठवायच्या बदल्यात. २०२२ ची औषधांच्या किमतींसोबत, २०२५ चा घाव आयकर-कपातीसोबत. वारा कधी एकटा मतदानाला आलाच नाही. लग्नाच्या वऱ्हाडात लपून आलेला पाहुणा.

पर्यावरणवाल्या संघटना सिनेटरांना दरवर्षी गुण देतात, शंभरपैकी. त्यात ग्रासली कायम तळाला. गुणपत्रिका खोटी नाही, पण एका महाविधेयकावरच्या एका मताला ती एकच अर्थ लावते.

---

झुळूक

मान्य करते की २०१३ चं मत वाऱ्यावर मोजू नये. पण मग २०२५ चं का मोजायचं नाही, असा तुमचा रोख दिसतो, तो मान्य नाही. २०१३ मध्ये ८९ जण बाजूने होते, ग्रासलीचं मत निकालाला लागत नव्हतं. २०२५ मध्ये लागत होतं. निकाल एका मतावर लटकला असताना दिलेलं मत आणि बहुमत ठरलेलं असताना नोंदवलेला निषेध, दोन्हींना एकाच तराजूत घालू नका.

---

मक्याचा_शेजारी

...हे बरोबर आहे. मूळ धाग्यात मी तिन्ही मतं एका ओळीत मांडली तिथेच चुकलो.

---

सुगृहिणी_२.०

एक तक्रार. ऊर्जेचा धागा आणि सगळे पुरुष पात्यांवरच लटकलेत. बचतीचं कुणी बोलेल का?

वर ज्या २००७ च्या विधेयकातून सौर-वारा उडाला, त्यात उरलं काय होतं? गाड्यांना २०२० पर्यंत गॅलनला ३५ मैल आणि पिवळ्या बल्बला निरोप. बल्बचं कलम लिहिणाऱ्यांत मिशिगनचे रिपब्लिकन फ्रेड अप्टन होते. चार वर्षांत वारं फिरलं, "सरकार आमचा बल्ब हिसकावतंय" अशी ओरड झाली आणि जुलै २०११ मध्ये ते कलम रद्द करायचं विधेयक हाऊसमध्ये आलं. २३३ विरुद्ध १९३. दोन तृतीयांश लागत होते म्हणून पडलं. अप्टन तेव्हा रद्द करणाऱ्यांच्या बाजूला! स्वतःच्याच कलमाविरुद्ध. ग्रासलींना निदान तीस वर्षं तरी लागली.

आणि २०२५ च्या कायद्यात घरगुती बचतीची सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपतेय. खिडक्या, भिंतीतलं इन्सुलेशन यांना ३० टक्के, वर्षाला १,२०० डॉलरपर्यंत. हीट पंपाला २,००० पर्यंत. आमच्या १९६२ च्या घराला माळ्यावर चार बोटं भुसा आहे, बाकी वारा मोकळा फिरतो. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला जानेवारीतलीच तारीख मिळेल, सगळ्या गावाला डिसेंबरच्या आत हवंय. म्हणजे सवलत गेली. पवनचक्कीवाल्यांसाठी सिनेटर भांडला, "बांधकाम सुरू" धरलं. माझ्या माळ्यासाठी कुणी भांडलं का? तिथे "काम पूर्ण" हवं.

---

लेखापाल

ताई, दुर्दैवाने बरोबर. घरगुतीला काम पूर्ण होण्याची तारीख धरतात, पैसे भरल्याची नाही. दुसरा ठेकेदार बघा, किंवा निदान खिडक्या तरी २०२५ संपायच्या आत बसवून घ्या. तुकड्यातुकड्याने चालतं.

---

टवाळ_कार्टं

माळ्यावर एक पाया खणा. "बांधकाम सुरू."

---

वनकुसवडेकर

@मक्याचा_शेजारी, एक विचारायचं होतं. तिकडे शेतकऱ्याला काय मिळतं? आमच्याकडे बऱ्याच जमिनी सुरुवातीला कवडीमोलाने विकत गेल्या. नंतर लोक डोक्याला हात लावून बसले.

---

मक्याचा_शेजारी

इथे जमीन सहसा विकत नाहीत, भाड्याने देतात. एका पवनचक्कीमागे वर्षाला काही हजार डॉलर, वीस-तीस वर्षं. मका पडो की सोयाबीन, तो चेक येतो. ग्रासलीला वाऱ्याचा पुळका का, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. आणि न्यूटन नावाच्या गावात कपडे धुण्याच्या यंत्रांचा, मेटॅगचा, मोठा कारखाना होता. २००७ मध्ये बंद पडला, गाव बसलं. पुढच्या वर्षी तिथे पाती बनवणारे आले, आणि मेटॅगच्याच जुन्या इमारतीत मनोरे बनवणारे. तिकडची मतं लाल (म्हणजे रिपब्लिकन) आहेत, पगार वाऱ्याचा.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याची दोन पवनचक्क्यांची बोलणी दोन वर्षं अडकली होती. परवा सकाळी मुलीला बसला सोडून येताना बघतो तर कापणी झालेल्या मक्याच्या मधोमध पिवळं एक्सकॅव्हेटर. गोल खड्डा, आमचं अख्खं घर मावेल एवढा, आणि काठावर हिरव्या सळ्यांचे भारे. कडेला एक माणूस फोन उंच धरून चारी बाजूंनी फोटो काढत होता. विचारलं, फोटो कशाला? म्हणाला, "वकिलाने सांगितलंय. तारीख दिसली पाहिजे."

पाती कधी येणार म्हणून विचारलं, तर हसला. पाती अजून मागवलेलीच नाहीत.

@सुगृहिणी_२.०, आमच्या गावातल्या ठेकेदाराकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक जागा आहे म्हणे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि सोऱ्या सापडला, ज्यांना हवा त्यांनी गुरुवारच्या आत सांगा.